अंमल बदलले, दप्तर तेच

संगणकाच्या इतिहासाचे जे ग्रंथ आजवर प्रसिद्ध झाले ते बहुतांशी निर्मात्यांचे इतिहास आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया कसा घातला, नोव्हेल कंपनीने नेटवेअर कसे रचले, मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी कोणत्या ईर्षेने बाजारात आणले, याचा साद्यंत वृत्तांत त्यांत सापडतो. परंतु ज्या कारखान्यांनी, पेढ्यांनी आणि सहकारी बँकांनी या प्रणाली पदरचे पैसे खर्चून घेतल्या (आणि, खरे सांगायचे तर, पुष्कळांनी ते न खर्चताच घेतल्या), ज्यांची कीर्द-खतावणी, पगारपत्रके आणि विक्रीकराची विवरणे या अदृश्य कारभाऱ्याच्या स्वाधीन झाली, त्या सामान्य ग्राहकाच्या वाट्याला काय आले, हे लिहून ठेवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या मुलखात गेल्या चाळीस वर्षांत असे तीन-चार अंमल येऊन गेले, आणि त्या प्रत्येकाचा उत्कर्ष-अपकर्ष प्रयोगशाळेतील गुणवत्तेपेक्षा दोन अगदी ऐहिक गोष्टींवर ठरला: दिवे गेले म्हणजे सर्व्हरचे काय होते, आणि तो बसला तर त्याला उठवणारा माणूस किती वेळात दाराशी येतो.

ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगणे पुरे, की सर्व्हर म्हणजे कचेरीतील सर्व संगणकांचे सामाईक दप्तर सांभाळणारे यंत्र, आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या दप्तराचा दप्तरदार. कोणाला आत सोडावे, कोणती फाइल कोणाच्या हाती द्यावी, दोघा कारकुनांनी एकाच वेळी एकाच खात्यावर लेखणी टेकवली तर कोणाला थांबवावे, हा सारा निवाडा ती करते. आणि जोवर ती तो चोख करते तोवर धन्याला तिचे नावही ठाऊक नसते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालच्या १ ऑगस्टला अस्तित्वात आले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली; मागोमाग अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे-बेलापूर रस्ता अशी या वसाहतींची रांगच जिल्ह्यात उभी राहिली. यांत्रिक सुटे भाग, औषधे, रंग, रसायने, विजेची उपकरणे यांचे लहान-मध्यम कारखाने, त्यांच्या जोडीला गोखले रोड आणि राम मारुती रोड परिसरातील सनदी लेखापालांच्या कचेऱ्या, भिवंडीचे यंत्रमाग आणि कल्याणचे आडते, असा हा व्यापारी संसार होता. मुंबईशी तो लोकलगाडीने जखडलेला असला तरी एका बाबतीत मात्र पुरता वेगळा होता. मुंबई शहराला बेस्टची आणि टाटांची वीज मिळे, आणि तिच्यात खंड पडणे ही बातमी होई. ठाण्यापासून पुढे राज्य वीजमंडळाची हद्द होती, आणि तेथे खंड न पडणे हीच बातमी. शुक्रवार हा वसाहतींचा सुटीचा वार. त्या दिवशी वीज गेली तर कोणी तक्रार करीत नसे. पण ती शुक्रवारचीच वाट पाहत बसेल असा भरवसा कोणालाच नव्हता. सर्व्हरसारखे अहोरात्र जागे राहण्यासाठी जन्मलेले यंत्र अशा भूमीत येऊन पडले, हे या सबंध इतिहासाचे मूळ आहे.

पहिला अंमल युनिक्सचा. १९७८ साली आयबीएमने भारतातून आपला गाशा गुंडाळल्यावर जी पोकळी निर्माण झाली ती भरून काढण्यास एचसीएल, डीसीएम, विप्रो या देशी कंपन्या पुढे सरसावल्या; १९८३ साली बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन यंत्रांना बँकांत मर्यादित प्रवेश मिळाला; पुढच्याच वर्षी डॉ. चक्रवर्ती रंगराजन यांच्या समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी आपला अहवाल दिला, आणि नोव्हेंबरात केंद्र सरकारने नवे संगणक-धोरण जाहीर करून आयातीचे निर्बंध सैल केले. त्यानंतरच्या बँकखरेदीत युनिक्सला अग्रपूजेचा मान मिळाला, आणि जे बँकेत चालते ते भरवशाचे, या व्यापारी न्यायाने ते कारखान्यांच्या कचेऱ्यांतही शिरले. डोंबिवली नागरी, ठाणे जनता, कल्याण जनता या १९७० ते १९७३ या काळात स्थापन झालेल्या सहकारी बँका ज्या वर्षांत आपला व्याप वाढवीत होत्या, त्या वर्षांत बाजाराची समजूतच अशी होती, की गंभीर माणसाने गंभीर कामासाठी युनिक्स घ्यावे आणि पत्रे टंकण्यासाठी डॉस.

कारखान्यात ते येई ते बहुधा एससीओ कंपनीच्या झेनिक्सच्या किंवा पुढे एससीओ युनिक्सच्या रूपाने: एक तीनशे शहाऐंशी जातीचे यंत्र, त्याला जोडलेले आठ किंवा सोळा मुके टर्मिनल, हिरवी वा पिवळसर अक्षरे, कोबोलमध्ये लिहिलेला पगाराचा प्रोग्रॅम, आणि या सर्वांवर देखरेख करणारा एकमेव ईडीपी, म्हणजे संगणक विभागाचा, अधिकारी, ज्याच्याजवळ रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड असे. या पासवर्डाची मुखत्यारी ही साधी गोष्ट नव्हती. कारखान्याच्या मालकालाही ज्या खोलीत पादत्राणे काढून जावे लागे त्या वातानुकूलित खोलीत हा तिशीतला तरुण निःशंक वावरे, आणि तो नोकरी सोडून आखातात गेला तर मागे राहिलेल्यांची जी त्रेधा उडे ती पाहून शहाण्या मालकांनी तो शब्द कागदावर लिहवून, लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यातून तिजोरीत ठेवण्याची वहिवाट पाडली. लिफाफा उघडण्याची पाळी आल्यावर आतला शब्द केव्हाच बदललेला निघे, ही गोष्ट वेगळी.

युनिक्सचे शिस्तीवर भारी प्रेम. लिहायचा मजकूर ते तत्काळ डिस्कवर न उतरवता प्रथम स्मृतीत साठवी आणि सवडीने खाली उतरवी. त्यामुळे काम वेगाने होई, पण त्याची अशी अपेक्षा असे की आपल्याला झोपवायचे तर रीतसर आज्ञा देऊन, सर्वांना बाहेर काढून, हातातला मजकूर खाली ठेवण्यास अवकाश देऊन झोपवावे. बेल प्रयोगशाळेच्या न्यू जर्सीत ही अपेक्षा रास्त होती. वागळे इस्टेटीत दुपारी तीन वाजता, पगाराची चिठ्ठी छापली जात असताना, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाडला म्हणजे या शिस्तीला काही अर्थ उरत नसे. वीज परत आली की यंत्र उठून प्रथम आपल्याच दप्तराची झडती घेई. ‘एफएससीके’ या नावाची ही झडती पाच टप्प्यांनी चाले, आणि प्रत्येक संशयास्पद जागी थांबून इंग्रजीत पृच्छा करी: हा तुकडा कोणाचा आहे ते समजत नाही, काढून टाकू काय? उत्तर होय किंवा नाही एवढेच द्यायचे असे. ईडीपी अधिकारी रजेवर असला तर ते उत्तर देण्याचे उत्तरदायित्व लेखा विभागातील एखाद्या ज्येष्ठ कारकुनावर पडे, आणि तो बिचारा, चाळीस वर्षे हातच्या खतावणीत खाडाखोड करणे हा गुन्हा मानीत आलेला मनुष्य, ‘होय’ची कळ एकामागून एक दाबत राही. ज्या तुकड्यांचा धनी सापडत नसे ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ या नावाच्या कप्प्यात नुसते क्रमांक धारण करून पडत. मार्चअखेरच्या एका सप्ताहात अशा क्रमांकांच्या ढिगातून एका कारखान्याचे येणेकरी हुडकून काढताना रात्री कशा उजाडल्या, याच्या कहाण्या त्या पिढीतले लोक आजही रंगवून सांगतात. आणि त्यांत तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो, कारण त्या कप्प्यातून का होईना, मजकूर सापडत असे.

दुसरा अंमल नेटवेअरचा, आणि माझ्या मते तो या सर्वांत गुणी. वैयक्तिक संगणक स्वस्त झाले, डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो या साधनांनी गल्लोगल्ली हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिले जाऊ लागले, आणि दहा-पंधरा संगणकांना एक सामाईक डिस्क हवीशी झाली, तेव्हा नोव्हेलच्या नेटवेअरला, विशेषतः तिनाच्या मालिकेतील ३.११ आणि ३.१२ या आवृत्त्यांना, जो प्रतिसाद मिळाला तो अपूर्व होता. १९९० नंतरच्या पाच-सहा वर्षांत ‘लॅन टाकली’ या वाक्याचा अर्थच ‘नोव्हेल टाकले’ असा होता. कचेरीभर काळी तार फिरे, तिला प्रत्येक संगणकाशी इंग्रजी टी अक्षरासारखा जोड, आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचे टर्मिनेटर; झाडूवाल्याच्या हाताने त्यांतला एक जोड सैल झाला तरी सारी लॅन बसे, आणि मग इंजिनियर दुसरे टर्मिनेटर हातात घेऊन, तार अर्धी-अर्धी करीत, दोष कोणत्या टेबलाखाली आहे ते शोधीत रांगत राही.

त्या वेळचे मालक मात्र नेटवेअरवर खूश होते, आणि त्यांच्या संतोषाचे कारण कोणत्याही जाहिरातपत्रकात नव्हते. कारकुनांना दिलेले संगणक बहुधा डिस्कविरहित असत. नेटवर्क कार्डावर बसवलेली बूट रॉमची चिप सर्व्हरकडून सर्व काही मागवून घेई. डिस्क नाही, फ्लॉपीची खाच नाही, म्हणजे कारकुनाने बाहेरून खेळ आणि विषाणू आणायचे नाहीत आणि आतून दरपत्रके बाहेर न्यायची नाहीत. हा ‘नोड’ स्वस्तही पडे. अविश्वास आणि काटकसर या व्यापाराच्या दोन सनातन गरजा एकाच योजनेने भागत होत्या.

सर्व्हर स्वतः कोपऱ्यात एकटा असे. त्यावर कोणी बसून काम करायचे नसे. काळ्या पडद्यावर एक अपूर्णविरामाचे चिन्ह आज्ञेची वाट पाहत लुकलुके, आणि काही काळ कोणी कळ दाबली नाही तर पडद्यावर एक चौकोनी साप फिरू लागे. यंत्रावरचा भार वाढला की साप लांब आणि चपळ होई, भार उतरला की आखूड आणि सुस्त. लेखा विभागाचा शिपाईदेखील त्या सापाकडे पाहून ‘आज काम जड आहे’ असे सांगू शके. वीज गेल्यावर नेटवेअरचीही फाइलरचना बिघडे आणि ‘व्हीरिपेअर’ चालवावे लागे. परंतु अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेण्याची, दोन डिस्कांवर एकच मजकूर जोडीने लिहिण्याची आणि चुकून पुसलेली फाइल ‘सॅल्व्हेज’ने परत मिळवण्याची तजवीज त्यात होती. रागाच्या भरात कोणी वार्षिक ताळेबंद पुसून टाकला तरी दुसऱ्या दिवशी तो जागेवर असे. अशी क्षमाशील प्रणाली पुन्हा झाली नाही, हे मी थोड्याशा पक्षपाताने म्हणत असेन. परंतु त्या काळच्या कोणत्याही हिशेबनिसास विचारून पाहावे.

मग तिचा अस्त का झाला? पुष्कळ कारणे सांगितली जातात, आणि त्यांतली बरीच खरी आहेत. इंटरनेटची टीसीपी-आयपी ही भाषा नेटवेअरने मनापासून स्वीकारली ती १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे फार उशिरा. त्यावर फाइली आणि छपाई उत्तम चाले, पण मोठे डेटाबेस चालवण्यास प्रोग्रॅम लिहिणारे धजत नसत. परंतु ठाण्यात जे घडले ते मला निराळे वाटते. नेटवेअर इतके निमूट चाले, की ते सांभाळण्यास मनुष्य लागेनासा झाला. आणि मनुष्य लागेनासा झाल्यामुळे ते जाणणारा मनुष्य उरला नाही. वर्ष-वर्ष न थांबलेला सर्व्हर एके दिवशी थांबला, म्हणजे त्याचे कन्सोल कसे उघडायचे हे सांगणारा, नोव्हेलची सीएनई परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण तोवर अमेरिकेस गेलेला असे, आणि एएमसीवाल्याने, म्हणजे देखभालीचा वार्षिक ठेका घेतलेल्याने, पाठवलेला नवा मुलगा त्या लुकलुकत्या चिन्हासमोर हतबुद्ध होऊन उभा राही. आपल्याच सद्गुणांनी मेलेले राज्य म्हणून त्याची गणना करता येईल.

तो नवा मुलगा एनटी जाणत होता. १९९६ साली आलेल्या विंडोज एनटी ४.० चे मुखवटे विंडोज ९५ सारखेच होते. उंदीर फिरवावा, खिडकी उघडावी, टिचकी मारावी. त्यामुळे ज्याच्या घरी विंडोज ९५ होते त्या प्रत्येकाला आपण सर्व्हरही चालवू शकू असा आत्मविश्वास वाटू लागला, आणि त्यात धनीसुद्धा आला. ही घटना क्षुल्लक नव्हती. आजवर धनी त्या खोलीत पाहुण्यासारखा जात असे. आता तो स्वतः खुर्चीत बसून पोरसवदा इंजिनियराला ‘अरे, ते वरचं बटण दाब ना’ असे सांगू लागला. ज्ञान वाढले की नाही सांगता येत नाही, पण मुखत्यारी परत मिळाल्याचे समाधान मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेच्या एमसीएसई या चार अक्षरांनी त्या काळात डोंबिवलीच्या घराघरांत जी जागा मिळवली ती एके काळी मॅट्रिकच्या परीक्षेला होती. स्टेशनाजवळच्या इमारतींचे दुसरे-तिसरे मजले क्लासांच्या पाट्यांनी भरून गेले, आणि दर सहा महिन्यांनी त्यांतून मुलांची नवी तुकडी पाठीला पिशवी आणि पिशवीत पेचकस, सीडीचे पाकीट नि क्रिम्पिंगची पक्कड घेऊन लोकलमध्ये चढू लागली. मुंबईच्या फोर्टमधल्या मोठ्या विक्रेत्याला फोन करून वाट पाहण्यापेक्षा पलीकडच्या स्टेशनावरचा मुलगा अर्ध्या तासात आलेला परवडे. एनटीचा विजय या मुलांनी मिळवून दिला.

तो विजय निष्कलंक होता असे मात्र नव्हे. पडदा एकाएकी निळा होऊन त्यावर पांढऱ्या अक्षरांत आकड्यांचा सडा पडे, आणि यंत्र पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नसे. ‘रीस्टार्ट मारून बघा’ हा त्या युगाचा सार्वत्रिक उपचार होता. सर्व्हिस पॅक या नावाच्या दुरुस्त्या एकामागून एक येत, सहावरून सहा-अ वर जात. परंतु एका गोष्टीचे श्रेय एनटीला द्यायलाच हवे, आणि ते तिच्या टीकाकारांनी कधी दिले नाही. तिची एनटीएफएस ही फाइलरचना आपल्या फेरफारांची एक रोजनिशी ठेवी. मध्येच वीज गेली तर ती रोजनिशी वाचून, पाच टप्प्यांची झडती आणि कारकुनाला पृच्छा वगैरे काही न करता, ती आपली आपण सावरे. फाइलीतला शेवटचा मजकूर गमावला तरी दप्तराची मांडणी शाबूत राही. वीजमंडळाच्या हद्दीत हा गुण नुसता तांत्रिक नव्हता.

परवान्यांचा प्रश्न धन्याला सर्वाधिक जाचे. नेटवेअरचा परवाना पाच, दहा, पंचवीस अशा गठ्ठ्यांनी येई आणि एकदा घेतला की विषय संपे. एनटीत सर्व्हरचे वेगळे, आणि त्याला जोडणाऱ्या प्रत्येक संगणकाचे वेगळे असे ‘कॅल’, म्हणजे जोडणीचे परवाने, घ्यावे लागत, आणि जे दिसत नाही, हाती येत नाही, त्या हक्काचे पैसे मोजावेत ही कल्पना ठाण्याच्या व्यापाऱ्याच्या पचनी पडेना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सीडी मिळे, तिच्यावर स्केचपेनने क्रमांक लिहिलेला असे. १९९४ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात ६३-ब हे कलम आले आणि चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांचा कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड ठरला. तेव्हापासून वसाहतीत अधूनमधून धाडीची आवई उठे, आणि त्या दिवशी पुष्कळ सर्व्हर अचानक ‘दुरुस्तीला’ जात.

याच सुमारास मराठीचा प्रश्न पुढे आला. कारखान्यांचे दप्तर इंग्रजीत असल्यामुळे त्यांना तो जाणवला नाही. परंतु नगरपालिका, पतपेढ्या आणि सहकारी संस्था यांना देयके, पावत्या आणि सभासदांची नावे मराठीत हवी होती. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्राने टर्मिनलवर आणि डॉसवर देवनागरी आणली होती, आणि श्री-लिपीसारख्या संचांनी छपाईची सोय केली. पण प्रत्येकाची अक्षरांची संकेतरचना निराळी, त्यामुळे एका सर्व्हरवरचे ‘कुलकर्णी’ दुसऱ्यावर जाताच चिन्हांचा खच होई. युनिकोडातील देवनागरी कार्यप्रणालीच्या अंगी मुरली ती विंडोज २००० पासून. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने त्यानंतरच्या वर्षांत नागरी सुविधा केंद्र उघडून जन्ममृत्यूचे दाखले, मालमत्ता कर आणि पाणीपट्टी एका खिडकीवर आणण्याचा जो प्रयोग केला, आणि जो पुढे राज्यातील इतर नगरपालिकांपुढे नमुना म्हणून ठेवला गेला, त्याची वाट या खटाटोपातून गेली होती. खिडकीवरच्या नागरिकाला यांतले काही दिसत नसे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य मात्र त्याने तेथेच प्रथम ऐकले, आणि पूर्वीच्या ‘साहेब रजेवर आहेत’ या वाक्याची जागा त्याने सहज घेतली.

२००५ हे वर्ष या मुलखाला विसरता येणार नाही. एप्रिलच्या पहिल्या तारखेस विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि जुने फॉक्सप्रोचे प्रोग्रॅम एका रात्रीत कालबाह्य झाले. त्यांची जागा बहुतेक ठिकाणी टॅली या हिशेबाच्या तयार प्रोग्रॅमने घेतली, आणि विंडोज सर्व्हर २००३ वर टॅलीचे फोल्डर सामाईक करणे हीच लहान व्यापाऱ्याची सर्व्हरविषयक इतिकर्तव्यता झाली. ६ जूनला वीजमंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्मास आले. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदी पात्र सोडून बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली, आणि तळमजल्यावर सर्व्हर ठेवून त्याच टेबलाच्या खालच्या खणात बॅकअपच्या टेपा ठेवण्याची रीत किती घातक आहे, हे कोणत्याही सल्लागाराच्या मदतीवाचून लोकांना उमगले. तेव्हापासून धनी रोज संध्याकाळी एक बाहेरची हार्ड डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी नेऊ लागला. पुढे आले भारनियमन. मुंबईत दिवे झगझगत असता ठाण्याच्या पुढे रोज काही तास अंधार असे, आणि त्याचे वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापून येई. यूपीएसच्या बॅटऱ्या दुपारी रित्या होत आणि पुरत्या भरण्याआधीच संध्याकाळची पाळी येई. वर्षभरात त्या फुगत. ज्यांच्याजवळ डिझेलचे जनित्र होते त्यांच्या कचेरीत संभाषण अशक्य झाले. सर्व्हर कोणता घ्यावा हा विचार मागे पडून तो किती मिनिटे जगेल आणि मरण्यापूर्वी आपण होऊन मिटेल का, एवढाच विचार शिल्लक राहिला. यूपीएसपासून सर्व्हरला तार जोडून वेळेवर आपोआप बंद करण्याची जी सोय वर्षानुवर्षे खोक्यात पडून होती, ती या काळात प्रथम बाहेर निघाली.

लिनक्सचे आगमन मागल्या दाराने झाले. त्याला कोणी सर्व्हर म्हणून विकत आणले नाही. पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून एखाद्या उत्साही मुलाने ते जुन्या, टाकाऊ पेंटियमवर चढवले, आणि एकच डायल-अप जोडणी कचेरीतल्या सर्वांना वाटून देण्याच्या कामी लावले. ज्या कामाला दुसरीकडे पैसे पडत ते येथे फुकट होत होते, आणि ते यंत्र टेबलाखाली धूळ खात वर्षानुवर्षे चालत राही. फुकटच्या वस्तूवर विश्वास कसा ठेवावा, हा व्यापाऱ्याचा प्रश्न शंकेखोर वाटला तरी गैरवाजवी नव्हता. त्याला हवी होती ती बिघाडाच्या वेळी गळा धरायला एक मान, आणि लिनक्सला मान नव्हती. ईडीपी अधिकाऱ्यांच्या जुन्या पिढीला मात्र त्यात आपले युनिक्स परत भेटले. त्यांच्या वार्धक्यात त्यांना आणखी एक मौज पाहायला मिळाली. एससीओ हे नाव धारण करणाऱ्या कंपनीने २००३ साली युनिक्सच्या हक्कांवरून आयबीएमवर दावा ठोकला, त्यात नोव्हेलनेच उठून ते हक्क आपले असल्याचे सांगितले, आणि २०१० साली ज्यूरीने नोव्हेलच्या बाजूने कौल दिला. ज्या दोन प्रणालींनी वागळे इस्टेटीचे हिशेब सांभाळले होते, त्यांचे वारस यूटातल्या न्यायालयात एका मृत वडिलोपार्जित मिळकतीसाठी भांडत होते. कुळकायद्याच्या कज्जांत मुरलेल्या ठाणेकरास यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

विंडोज सर्व्हर २००३ ला मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ रोजी सोडचिठ्ठी दिली. यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत असे तिने आगाऊ बजावले होते. परंतु चालते यंत्र बदलणे हे येथील व्यापारधर्मात बसत नाही. चालले आहे ना, मग हात लावू नका. त्यातून टॅली घरून पाहता यावी म्हणून पुष्कळांनी रिमोट डेस्कटॉपचे दार इंटरनेटकडे सताड उघडे ठेवले होते, पासवर्ड बहुधा दुकानाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या फाइलींना टाळे ठोकले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला मेलेल्या २००३ साठीदेखील खास दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा उद्ध्वस्त केली आणि खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला तिच्या ताब्यातील टर्मिनलचे काम ठप्प झाले. भिवंडीच्या गोदामांकडे येणारे कंटेनर अडकले. त्या प्रकरणातला एक तपशील येथील लोकांना मी आवर्जून सांगत असतो. मर्स्कचे जगभरचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला आत सोडायचे ते ठरवणारे सर्व्हर, पुसले गेले, पण घानामधला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील दिवे गेले होते. त्या एका प्रतीवरून सारे साम्राज्य पुन्हा उभारावे लागले.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा वसाहतींतल्या कचेऱ्यांना कुलपे लागली आणि सर्व्हर आत राहिले. हिशेबनीस डोंबिवलीच्या घरून जोडणी करीत, जोवर वीज होती तोवर; एकदा ती गेली आणि यूपीएस संपला, की वीज परत आल्यावरही सर्व्हर उठत नसे, कारण आपोआप सुरू होण्याचा पर्याय बायोसमध्ये निवडण्याचे कोणाला सुचले नव्हते, आणि एक बटण दाबण्यासाठी पोलिसांचा पास लागे. अनेकांनी त्या उन्हाळ्यातच सर्व्हर सोडून दिला आणि दरमहा भाड्याने टॅली घेतली. ती जेथे चालते त्या माहितीकेंद्रांतली कित्येक केंद्रे पारसिकच्या डोंगरापलीकडे, ऐरोली, रबाळे, महापे येथे, त्याच औद्योगिक महामंडळाच्या जमिनीवर उभी आहेत, आणि आतल्या यंत्रांपैकी फार मोठ्या संख्येवर लिनक्स चालते, हे भाडेकरूस ठाऊक नसते.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघा या उच्चदाब वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदमच अंधारात गेली. लोकलगाड्या रुळांवर थांबल्या, आणि ज्या मुंबईला भारनियमनाची झळ कधी लागली नव्हती तिला ठाण्याच्या कळव्याने ती लावली. शेअर बाजाराचे व्यवहार त्या दिवशी चालू राहिले. ऐरोली-रबाळ्याची केंद्रे अशाच प्रसंगासाठी डिझेलची जनित्रे बाळगून असतात. ज्यांनी आपले दप्तर तेथे हलवले होते त्यांना ते उघडण्यासाठी मात्र घरचे राउटर पेटत नव्हते. कोणी मोबाइलची जोडणी करून, लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत जीएसटीची बिले काढली. बाकीच्यांनी सवयीने एएमसीवाल्या मुलाला फोन लावला आणि सर्व्हर बसला आहे काय, अशी विचारणा केली.